पुढचा क्राउन-पिनियन वाजत होता आणि बदलले गेले बेरिंग

गाडी आमच्याकडं आली तेव्हा पुढचे दोन्ही व्हील बेरिंग नवीन, पुढचे दोन टायर नवीन, अलाइनमेंट-बॅलन्सिंग ताजं, आणि आवाज जसाच्या तसा. जर्मन कंपनीची डिझेल एसयूव्ही, सहा सिलिंडरचं इंजिन लांबीत बसवलेलं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारी चाकांना कायम ड्राइव्ह, दीड लाख किलोमीटरच्या पुढं पळालेली. मॉडेलचं नाव लिहीत नाही, नाव लिहिलं की लोक त्या मॉडेलला शिव्या घालत बसतात आणि मूळ विषय राहतो बाजूला. मालक कोल्हापूरचेच, रिटायर्ड, देवगडकडं आंब्याची बाग, म्हणजे गाडी सारखी गगनबावडा नाहीतर फोंडा घाट उतरणार, चढणार आणि पावसाळ्यात बागेच्या तांबड्या चिखलात रुतणार.

तक्रार त्यांनी मस्त सांगितली. "साठला सुरू होतो, ऐंशीला डोकं उठतं, आणि घाट उतरताना आवाजच वेगळा असतो." लांबून पिठाची गिरणी चालल्यासारखी घूं-घूं. आता बघा, 'घाट उतरताना वेगळा' हे वाक्य आधीच्या गॅरेजमध्ये पण त्यांनी सांगितलं होतं, पण तिथं प्रश्न विचारला गेला 'आवाज कुठनं येतोय', आणि काकांनी पुढच्या डाव्या चाकाकडं बोट दाखवलं, झालं, बेरिंग. माझं म्हणणं एवढंच आहे की आवाज कुठनं येतो हे माणसाच्या कानाला मोनोकॉक (बॉडी आणि चॅसी एकच असलेल्या) गाडीत नीट कळतच नाही, सबफ्रेम (इंजिन ज्यावर बसतं तो खालचा सांगाडा) आणि ॲल्युमिनियमचं संप (इंजिनच्या बुडाचं ऑइलचं भांडं) आवाज कुठनं कुठं नेतात, त्यामुळं पहिला प्रश्न 'कधी बदलतो' हा पाहिजे. किती स्पीडला, ॲक्सिलरेटर दाबल्यावर का सोडल्यावर, वळणावर का सरळ. ह्या तीन गोष्टी विचारल्या असत्या तर बेरिंगचे पैसे वाचले असते.

रोड टेस्टला हायवेला कागलकडं घेतली, मोकळा पट्टा बघून. सगळ्यात आधी इंजिन वगळायचं. ८० ला धरून मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली टाकला, आरपीएम वाढला, घूं-घूं होती त्याच सुरात राहिली. म्हणजे इंजिन, अल्टरनेटर, टर्बो, बेल्टची पुली, टॉर्क कन्व्हर्टर हे सगळं बाद, जे काय वाजतंय ते चाकाच्या स्पीडशी बांधलेलं आहे. मग टायर. डांबरावरनं काँक्रीटवर गेलं की टायरचा आवाज लगेच बदलतो, इथं खालची खरखर बदलली पण घूं तशीच. मग व्हील बेरिंग. साठच्या आसपास रिकाम्या लेनमध्ये हळूहळू डावी-उजवी लाट काढली, वजन एकदा ह्या चाकावर, एकदा त्या चाकावर. खराब बेरिंग एका बाजूला ओरडतं आणि दुसऱ्या बाजूला गप्प होतं. इथं काहीच फरक नाही.

आणि मग खरी टेस्ट, जिला सामान लागत नाही, फक्त उजवा पाय लागतो. ८० ला ॲक्सिलरेटर थोडा दाबून ठेवला, जोरात घूं. पाय इतका हलका केला की गाडी ना ओढतेय ना अडतेय, आवाज जवळजवळ गायब. पाय पूर्ण सोडला, परत आवाज, पण सूर दुसरा, जरा खरखरीत. हे गिअरच्या दातांचं लक्षण. डिफ्रन्शियलमध्ये, म्हणजे शाफ्टची ताकद दोन चाकांना वाटणाऱ्या डब्यात, शाफ्टकडचं छोटं पिनियन मोठ्या क्राउन गिअरला फिरवतं. ह्या दोघांचे दात पुढं ओढताना एका बाजूनं टेकतात, इंजिन ब्रेकिंगला दुसऱ्या बाजूनं, आणि मधल्या बिनलोडच्या अवस्थेत नुसते एकमेकांवरनं फिरत असतात. व्हील बेरिंगला तुमचा पाय कुठं आहे ह्याच्याशी फारसं देणं-घेणं नसतं, त्याला गाडीचं वजन आणि वळण कळतं. घाट उतरताना आवाज वेगळा म्हणजे नेमकं हेच, काकांनी निदान स्वतःच करून आणलं होतं म्हणा की!

तरी डिफ्रन्शियल दोन आहेत, पुढचं आणि मागचं, वर ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा), दोन प्रोपेलर शाफ्ट (तिथनं डिफ्रन्शियलपर्यंत जाणारे दांडे), त्यांचे जॉइंट आणि सेंटर बेरिंग. म्हणून मोबाइलवर आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारं ॲप लावलं, फुकट मिळतात. गणित सोपं आहे. टायर २५५/५५ आर १८, व्यास साधारण ७३८ मिलिमीटर, घेर २.३ मीटर. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साधारण ९.६ फेरे घेतं. ह्या गाडीचा फायनल रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे फेरे) ३.६४, क्राउनला ४० दात आणि पिनियनला ११. चाकाचे ९.६ फेरे गुणिले क्राउनचे ४० दात, म्हणजे सेकंदाला ३८५ च्या आसपास दात टेकणार. ॲपमध्ये टोक आलं ३८० ते ३९० च्या मधी, आणि ४० च्या स्पीडला ते बरोबर निम्म्यावर घसरलं. प्रोपेलर शाफ्टचा बॅलन्स गेला असता तर तो सेकंदाला ३५ फेऱ्यांच्या हिशोबानं थरथरला असता, म्हणजे ते कानापेक्षा बुडाला जास्त कळतं. एवढ्यानं क्राउन-पिनियन ठरला, पण पुढचा का मागचा हे ॲप सांगत नाही, दोन्हीकडं रेशो एकच असतो.

रॅम्पवर घेतली. कायम चार चाकांना ड्राइव्ह असलेली गाडी कधीही फक्त दोन चाकं उचलून गिअरमध्ये टाकायची नाही, जमिनीवरची चाकं गाडी जॅकवरनं खाली खेचतात. चारी चाकं हवेत, ट्रॅक्शन कंट्रोल बंद, स्पीड ४० च्या वर नाही, आणि खाली जाणाऱ्या माणसानं फिरत्या शाफ्टपासनं चार हात लांब राहायचं, ढगळ कपडे घालून जायचं नाही. लांब स्टेथोस्कोप लावला (आमचा जुना मिस्त्री अजून लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावतो आणि त्याला पण तेवढंच कळतं). हब चारी शांत. मागचं डिफ्रन्शियल गुळगुळीत. ट्रान्सफर केसमध्ये चेनची नेहमीची सळसळ. पुढच्या डिफ्रन्शियलला जिथं शाफ्टची फ्लँज (जोडायची चकती) जाते त्या नाकाडावर टेकवला आणि कानात करकर, तीच करकर संपवर पण ऐकू येत होती पण बारीक. गाडी बंद करून फ्लँज हातानं वर-खाली हलवली तर हाताला प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला. तिथं पिनियनची दोन टेपर बेरिंग प्रीलोडमध्ये दाबून बसवलेली असतात, हाताला जाणवेल असा प्ले तिथं शून्य पाहिजे.

इथं एक गोष्ट जरा सविस्तर लिहितो, कारण ह्यावर बरेच जण फसतात. पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून गाडी चालवून बघायची, आवाज गेला तर डिफ्रन्शियल खराब, नाही गेला तर चांगला, असं सर्रास सांगितलं जातं. शाफ्ट काढला तरी पुढचं डिफ्रन्शियल थांबत नाही! चाकं फिरतायत, एक्सल फिरतायत, एक्सल क्राउनला फिरवतात आणि क्राउन पिनियनला. फक्त लोड जातो. त्यामुळं दातांचा लोडवरचा आवाज जातो आणि बेरिंगची करकर राहते. आम्ही शाफ्ट काढला, गाडी गॅरेजच्या मागच्या रस्त्यावर फिरवली, ॲक्सिलरेटरबरोबर बदलणारी घूं बंद, बारीक खरखर चालू. म्हणजे दोन्ही आजार एकाच घरात. ज्यानं 'अजून थोडा आवाज येतोय' म्हणून डिफ्रन्शियल निर्दोष सोडलं असतं तो परत व्हील बेरिंगच्या मागं लागला असता. आणि शाफ्ट काढून चालवणं सगळ्या गाड्यांत चालत पण नाही. ह्या गाडीत ट्रान्सफर केसमध्ये क्लच आहे, मागच्या चाकांना ड्राइव्ह सरळ जातो, म्हणून ती चालते, डॅशबोर्डवर दिवे लागतात तेवढं. मधी साधं ओपन सेंटर डिफ्रन्शियल असलेल्या गाडीत शाफ्ट काढला तर सगळी ताकद त्या मोकळ्या टोकाला जाते आणि गाडी जागची हलत नाही.

जिप्सीवाल्यांचं बरं असतं, पुढचे हब फ्री केले की पुढचा एक्सल फिरायचाच थांबतो, आवाज थांबला की विषय संपला. डस्टर ऑल-व्हील-ड्राइव्हसारख्या आडव्या इंजिनच्या गाडीत पुढचं डिफ्रन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असतं, सुबारूत पण तसंच, तिथं वेगळं डिफ्रन्शियल बदलणं हा प्रकारच नसतो, गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आमच्या गाडीत ते संपच्या एका बाजूला बोल्टनं लावलेलं, आणि पलीकडच्या चाकाला जाणारा मधला शाफ्ट संपमधनं आरपार जातो. म्हणजे काम करता येतं, पण जागा अशी की काम करणाऱ्यानं आधी चहा पिऊन घ्यावा.

मग खालचं अंडरकव्हर काढलं, आणि सगळ्या गोष्टीचं उत्तर तिथं होतं. कव्हरला आतनं आवाज शोषणारा जाडसर फेल्ट असतो, तो ऑइलनं चिंब, वर धूळ बसून काळा लगदा. म्हणून पार्किंगमध्ये खाली कधी थेंब दिसला नाही आणि कुणाला लिकेज आहे हे कळलं नाही. पिनियनचं ऑइल सील झिरपत होतं. ड्रेन बोल्ट काढला तर जिथं पाऊण लिटरच्या आसपास ऑइल पाहिजे तिथं त्याच्या निम्म्यानं पण आलं नाही, काळंकुट्ट, जळका वास, आणि उन्हात धरलं की चमचम. मॅग्नेटवर राखाडी पेस्ट असणं नॉर्मल आहे, दीड लाखाला ती असणारच, बोटात चोळली तर मऊ लागते. ह्यात बोटाला टोचणारे पापुद्रे होते. पापुद्रा म्हणजे बेरिंगच्या ट्रॅकचं कातडं निघतंय.

सील का गेलं? वरच्या बाजूला ब्रीदर असतो, छोटी टोपी, आतली गरम हवा बाहेर जायला. ती तांबड्या मातीनं अशी बुजली होती की सुईनं टोकरावी लागली. घाट चढताना डिफ्रन्शियल तापतं, आतली हवा फुगते, ब्रीदर बंद, मग दाब वाट काढतो सीलच्या ओठातनं आणि जाताना ऑइल घेऊन जातो. आणि तापलेलं डिफ्रन्शियल एकदम ओढ्याच्या पाण्यात गेलं की उलटं, आत पाणी खेचतं, तेव्हा ऑइल दुधाच्या चहासारखं निघतं. इथं पाणी नव्हतं, तेवढं नशीब. शिवाय ऑइल 'लाइफटाइम' म्हणून आयुष्यात कधी बदललेलं नाही, आणि न बदलायचं म्हणजे न बघायचं असा अर्थ सगळ्यांनी सोयीनं लावलेला.

काका म्हणाले, "अहो, उद्यमनगरात ट्रकचे क्राउन-पिनियन बांधणारे एवढे लोक आहेत, आपण बेरिंग घालून हेच दुरुस्त करूया की." बरोबर आहे त्यांचं, कोल्हापुरात हे बोलायचं नाही तर कुठं. पण नुसती बेरिंग बदलून आवाज जात नाही. पिनियन ढिलं होऊन लोडखाली मागं-पुढं सरकायला लागलं की दात ज्या जागी टेकायला पाहिजेत तिथं टेकत नाहीत, भलत्याच जागी घासून घासून तिथंच बसतात. नवीन बेरिंग घातली, शिम (पातळ चकत्या) लावून पिनियनची खोली, बॅकलॅश (दातांमधली फट), प्रीलोड सगळं परफेक्ट केलं, तरी घासलेले दात नवीन जागी टेकून गाणारच. मग क्राउन-पिनियनचा सेट पण नवीन पाहिजे, तो जोडीनंच येतो, आणि ह्या गाडीसाठी सुटा मिळवायचा म्हणजे अख्ख्या असेंब्लीएवढीच पळापळ. ट्रकच्या हाऊसिंगला सगळं सुटं मिळतं म्हणून तिथं बांधणं परवडतं.

नवीन असेंब्लीचं कोटेशन ऐकून काका थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग जुना पार्ट शोधला, मुंबईत कुर्ल्याकडनं आला. दिसायला हुबेहूब, केसिंग तेच, बोल्टची भोकं तीच, आमचा पोरगा लगेच सील ठोकायला बसला होता, त्याला थांबवलं. टॅगवरचा आकडा खरडला गेलेला. तर रेशो हातानं मोजायचा, हे सगळ्यांनी शिकून ठेवा. एका बाजूचा आउटपुट पक्का धरायचा, दुसऱ्यावर खडूची खूण, आणि पिनियनची फ्लँज बरोबर ४० फेरे फिरवायची. एक बाजू धरलेली असल्यामुळं मोकळी बाजू दुप्पट फिरते, ३.६४ रेशो असेल तर मोकळी बाजू बरोबर २२ फेरे घेऊन खूण जागेवर येते. इथं साडेवीसच्या जरा आत थांबली. म्हणजे रेशो ३.९१, त्याच बॉडीच्या दुसऱ्या इंजिनचा. हे बसवलं असतं तर पुढचे आणि मागचे शाफ्ट सात टक्क्यांहून जास्त फरकानं फिरायला निघाले असते, आणि तो फरक खाणार कोण, तर ट्रान्सफर केसचा क्लच, आणि थोड्याच दिवसात तो क्लच आपल्याला खाणार. परत पाठवला. दुसरा आला त्याचे २२ भरले, फ्लँजला प्ले नाही, फिरवताना कुठं खडा लागल्यासारखं नाही, आत राहिलेलं ऑइल मधासारखं स्वच्छ. बसवायच्या आधी तिन्ही सील टेबलावरच नवीन घातली, वर चढवल्यावर ती बदलायची म्हणजे परत सगळं खोलणं.

काढा-घालायचं काम थोडक्यात सांगतो. इंजिनला वरनं सपोर्ट बार, कारण खालची सबफ्रेम उतरवायची आणि इंजिन तिच्यावरच बसलेलं. स्टिअरिंगच्या जॉइंटला खूण करून मगच सोडायचा, आणि सोडल्यावर स्टिअरिंग व्हील सरळ बांधून ठेवायचं, कुणीतरी गाडीत बसून गंमत म्हणून फिरवलं की आतली एअरबॅगची रिबन केबल तुटते. दोन्ही एक्सल बाहेर. संपमधनं जाणारा मधला शाफ्ट गंजून चिकटलेला, तिथं हातोडा मारायचा मोह होतो, मारायचा नाही, आजूबाजूला सगळं ॲल्युमिनियम आहे. उद्यमनगरातनं फ्लँजच्या मापाचा पुलर करून आणला आणि सरळ ओढला. घालताना संपकडची ओ-रिंग नवीन, एक्सलच्या टोकाच्या सर्क्लिप नवीन, अँगल टॉर्कचे बोल्ट नवीन. हबचा नट चाक जमिनीवर टेकल्यावर घट्ट करायचा, लटकत्या चाकावर नाही. ऑइल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच, कारण क्राउन-पिनियनसारख्या हायपॉइड गिअरमध्ये दात नुसते टेकत नाहीत, एकमेकांवरनं घसरतात, तिथं जीएल-५ दर्जाचे ॲडिटिव्ह लागतातच, गिअरबॉक्सचं उरलेलं जीएल-४ भरून चालत नाही. भरताना गाडी लेव्हलला, फिलरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत. ब्रीदरला आम्ही पाइप जोडून तो वर इंजिन बेमध्ये नेऊन बांधला, जीपवाले करतात तसंच.

जुनं उघडून बघितलं, बघायचंच होतं. फ्लँजकडचं बेरिंग गेलेलं, ट्रॅकवर खपल्या निघालेल्या. ते बेरिंग क्राउननं उडवलेल्या ऑइलवर जगतं, लेव्हल खाली गेली की पहिलं तेच उपाशी. क्राउनच्या जवळचं दुसरं बेरिंग त्या मानानं ठीक. दातांवरचा घासल्याचा पट्टा मधी असायच्या ऐवजी एका टोकाला सरकलेला. काकांना बोलावून दाखवलं, त्यांनी क्राउन हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितला आणि विचारलं, "म्हणजे एवढ्याशा टोपीनं हे केलं?"

एक काम अजून राहिलं होतं. आधीच्या गॅरेजनं टायर फक्त पुढचेच नवीन घातले होते. नवीन टायरची नक्षी ८ मिलिमीटर, मागच्या जुन्यांची ४, म्हणजे व्यासात ८ मिलिमीटरचा फरक, टक्क्यात एक पेक्षा जरा जास्त. ऐकायला किरकोळ, पण सरळ रस्त्यावर सुद्धा ट्रान्सफर केसचा क्लच तो फरक सतत घसरून भरून काढणार. चारी टायर एका घेराचे पाहिजेत, आणि मागचे दोन घ्या, असं सांगितल्यावर काका वैतागले, त्यांचं वैतागणं साहजिक आहे, आवाजासाठी म्हणून ते टायर मुळात लागतच नव्हते. तरी घेतले. ट्रान्सफर केसचं ऑइल त्याच वेळी बदललं आणि कॉम्प्युटरवर ऑइल बदलल्याची नोंद करून क्लचचं ॲडाप्टेशन (नव्यानं जुळवणी) करून घेतलं.

टेस्टला परत तोच कागलचा पट्टा, तेच ८०, पाय दाबून, हलका करून, सोडून. ॲपमध्ये ३८५ च्या जागी आता बारीकसा उंचवटा आहे, तो राहणारच, दात आहेत तर टेकणार. सबफ्रेम उतरवली होती म्हणून अलाइनमेंट आणि स्टिअरिंग अँगल सेन्सरचं कॅलिब्रेशन करून गाडी दिली. काका पुढच्याच आठवड्यात देवगडला जाऊन आले, येताना आमच्याकडं लेव्हल बघायला थांबले, जागेवर होती, कव्हरचा नवीन फेल्ट कोरडा. मागच्या डिफ्रन्शियलचं ऑइल पण बदलून घ्या म्हणाले, काढलं तर तेवढ्याच वयाचं असून रंग सोडला तर ठणठणीत, कारण त्याचा ब्रीदर पुढच्यापेक्षा उंचावर आहे आणि तिथपर्यंत बागेतला चिखल पोचलेला नाही.